पुंजाची सळई

पुंजा परत आला होता. उज्ज्वला खुरासणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून उतरत होती, तेव्हाच तिला तो दिसला. पडवीत शेकोटीपाशी उकिडवा बसलेला, कानावरून मफलर गुंडाळलेला. समोर तिची सासू धोंडीबाई आणि धोंडीबाईच्या मांडीवर उज्ज्वलाचा धाकटा, सौरभ. दोघा म्हाताऱ्यांची डोकी जवळजवळ आणि बोलणं एकदम हळू. उज्ज्वलाची चाहूल लागली तसं बोलणं तुटलं. पुंजा हात शेकायला लागला आणि धोंडीबाईनं पोराच्या टोपीची नाडी उगीचच सोडून पुन्हा बांधली.

"काय म्हणताय पुंजाबाबा?" भारा खळ्यावर टाकत उज्ज्वलानं विचारलं.

"काय नाय. थंडी जाम पडली."

एवढं बोलून तो उठला आणि काठी टेकत निघून गेला. थंडी पडली हे सांगायला हा माणूस वरच्या पाड्यावरून इथवर आला होय! साखरशेत गावात थंडी काय त्याच्या एकट्याच्याच घरी पडली होती?

"कशाला आले होते?" तिनं सासूला विचारलं.

"असाच," धोंडीबाई म्हणाली. "येतो माणूस."

पुंजा असाच कुणाकडं जात नसे. बांबूकामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. टोपल्या, सुपं, कणग्या, कोंबड्यांची डालगी, सगळं तो करी. पण त्याचं खरं नाव झालं होतं ते वेगळ्याच कामानं. बैलाचा खांदा सुजला, पाय लचकला, की पुंजाला बोलवायचं. तो सळई लाल होईपर्यंत तापवायचा आणि जागेवर डाग द्यायचा. आणि एके काळी, असं बायका सांगत, तो पोरांनाही डाग द्यायचा. पोट फुगलं, छाती वाजायला लागली, की चार जणांनी पोराला धरायचं आणि पुंजानं सळई टेकवायची.

उज्ज्वलाला ते कुणी सांगायला नको होतं. तिचं माहेर पोशेरा, तिथंही असाच एक म्हातारा होता. तिच्या पोटावर बेंबीच्या दोन्ही अंगांना दोन डाग होते, चकचकीत, चुरगळलेल्या कातडीचे. तिला स्वतःला काही आठवत नव्हतं, पण तिची आई म्हणायची, तू अशी ओरडलीस की म्हशीनं दावं तोडलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला पहिल्यांदा नवल वाटलं होतं ते हेच, की नवऱ्याच्या, उमेशच्या पोटावर एकही डाग नाही. त्याच्या वयाच्या गावातल्या बहुतेकांच्या पोटावर होते. नशिबाचा आहे, एवढंच तिच्या मनात आलं होतं तेव्हा.

आणि आता सौरभची छाती वाजत होती. दिवाळीत त्याला वर्ष झालं, तरी अजून पाय टेकत नव्हता. धरून उभं केलं की गुडघे मुडपायचा आणि खाली बसायचा. त्यात ही थंडी. सकाळी सकाळी श्वासाबरोबर आतून शिट्टीसारखा आवाज यायचा. नर्सबाई येऊन बघून गेल्या होत्या. औषध दिलं होतं, ऊबेत ठेवा म्हणाल्या होत्या, आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढायला लागला तर एक घटका थांबू नका, सरळ जव्हारला न्या, असं बजावून गेल्या होत्या.

धोंडीबाईनं ते सगळं ऐकून घेतलं होतं आणि नर्सबाई गेल्यावर म्हणाली होती, "औषधानं छाती बरी होईल. पाय कुठं धरेल औषधानं? त्याला दुसरं करायला पायजे."

दुसरं म्हणजे काय, हे तिनं सांगितलं नव्हतं. आणि तेव्हापासून पुंजा यायला लागला होता.

उमेश आठवडाभर घरी नसायचा. मोखाड्याच्या पलीकडं एका आश्रमशाळेत तो लिपिक होता, शनिवारी जीपनं यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. घरात फोनला रेंज नाही. उज्ज्वला टेकडीवरच्या साजडाच्या झाडाखाली गेली आणि तिनं त्याला फोन लावला.

"तुमच्या आईचं आणि पुंजाबाबाचं काय चाललंय?"

"काय चाललंय?"

"मला काय विचारता? मी आले की गप्प बसतात. पोराला डाग द्यायचा विचार असेल तर आताच सांगते, मी ऐकून घेणार नाही."

उमेश हसला. "तू पण ना! आई असलं काही करणार नाय. पुंजाकाकानं ते कधीच सोडलं."

"का सोडलं?"

"मला काय माहीत? माझ्या लहानपणीच सोडलं. मुलं आलीत माझ्यासमोर, ठेवतो."

ठेवतो म्हणे! आईचा मुलगा शेवटी. त्याला आतून सगळं ठाऊक असेल, आणि आपल्यालाच तेवढं अंधारात ठेवलं असेल, असंही तिला वाटून गेलं. टेकडी उतरताना तिच्या पोटावरचे डाग खाजल्यासारखे झाले.

घरी स्वरा तिची वाटच बघत होती. स्वरा पाच वर्षांची, आणि तिच्या पोटात बोरसुद्धा लपून राहायचं नाही. आईच्या पदराला धरून ती न्हाणीकडं घेऊन गेली.

"आई, एक सांगू? आजी म्हणाली, आईला नको सांगू."

उज्ज्वला तिथंच खाली बसली. "सांग बाई."

"पुंजा आजोबांनी सळई आणून ठेवलीय. आपल्या गोठ्यात. ती लाल लाल करणार. बाबूसाठी." स्वराचे डोळे मोठे झाले. "आजी म्हणाली, आई घरात नसताना उरकून टाकू."

म्हणजे खरंच की! उज्ज्वलाला उगीच वाटत नव्हतं. दोन दिवस तिला वाटत होतं, आपलंच डोकं फिरलंय, म्हातारी माणसं, बसतात बोलत. आता पोरीच्या तोंडून नीट ऐकलं.

ती गोठ्यात गेली. शेणी, दावी, जुना नांगर, सगळं हलवून बघितलं. शेवटी कुडाच्या भिंतीत वाशाच्या वर तिला ती सापडली. फडक्यात गुंडाळलेली, हातभर लांब, टोकाला काळी पडलेली. उज्ज्वलानं ती लुगड्याच्या घोळात घातली, घरात आणली आणि नागलीच्या कणगीत दाण्यांच्या आत खोल खुपसून ठेवली. मग हात धुतले. बराच वेळ धुतले.

सासूला ती काहीच बोलली नाही. बोलून काय होणार? ती नाही म्हणेल, आणि उद्या दुसरी सळई आणेल. त्यापेक्षा पोर नजरेआड होऊ द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं.

आता अडचण अशी, की खुरासणी काढणीला आली होती. ती वरच्या वरकसावर, डोंगरउताराच्या जमिनीवर होती आणि खुरासणी काही माणसाच्या सोयीनं कापता येत नाही. ऊन चढलं की बोंडं तडकतात, तेलाचं काळं बी सगळं मातीत जातं. दव ओलं असतानाच कापायची. रोज उजाडताच उज्ज्वला विळा घेऊन जायची, आणि धोंडीबाईचे गुडघे गेलेले म्हणून ती पोरं घेऊन शेकोटीशी बसायची. असंच दरवर्षी चालायचं.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलानं सौरभला शालीत गुंडाळून पाठीशी बांधलं.

धोंडीबाई चुलीपाशी आंबील ढवळत होती. तिचा हात थांबला. "पोऱ्याला कुठं नेतेस?"

"राहील माझ्यापाशी."

"दव पडलंय. बघ तरी, पानापानावर पाणी हाय."

"गुंडाळलंय मी त्याला."

"अगं, माझ्यापाशी काय त्याला काटं टोचतात?"

उज्ज्वलानं विळा उचलला आणि चालू लागली. बांधावरून वळून पाहिलं, तर म्हातारी पडवीच्या खांबाला धरून उभी होती. हातात सौरभचं कानटोपरं होतं, घाईत ते घालायचं राहून गेलं होतं. ते मागायला उज्ज्वला परत फिरली नाही. तिनं पदरच पोराच्या डोक्यावरून घेतला.

खुरासणी कमरेएवढी वाढली होती. दोन हात कापलं की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं आणि बोटं बधिर व्हायची. पोर पाठीवर असल्यानं वाकता येईना, विळा नीट बसेना. थोड्या वेळानं तिनं मोहाच्या झाडाखाली गोधडी टाकली आणि सौरभला तिथं ठेवलं. चार पेंढ्या बांधून मागं पाहते तो पोर गोधडीवरून रांगत ओल्या गवतात शिरलेलं! पायमोजे चिंब. तिनं धावत जाऊन त्याला उचललं, पायमोजे काढले, त्याचे पाय आपल्या काखेत धरले. तो खोकला. खोकला थांबेना.

घरी आल्यावर धोंडीबाईनं पोराचे पाय हातात घेतले, गार लागले तसे निखाऱ्यापाशी धरले. सुनेकडं बघितलं. "उद्या नको नेऊ."

उज्ज्वलाला त्या शब्दांत दुसरंच ऐकू आलं. उद्या नको नेऊ! म्हणजे उद्याच ठरलंय वाटतं. दुसऱ्या दिवशीही तिनं पोराला नेलं.

शेजारची फागी पाण्याला जाता जाता थांबली. "काय गं, सासू आजारी हाय का? पोर रानात घेऊन फिरतेस ते?"

"नाही. बऱ्या आहेत."

"मग भांडलीस?"

"नाही गं."

"मग कमालच तुझी," म्हणत फागी गेली. दुपारपर्यंत पाड्यात सगळ्यांना कळलं होतं, की धोंडीबाईची सून सासूकडं पोर ठेवत नाही. धोंडीबाई विहिरीवर गेली तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या. ती घागर भरून मान खाली घालून परत आली आणि त्या दिवशी जेवली नाही.

तिसऱ्या सकाळी सौरभचं अंग कोमट लागत होतं. डोळे जड. उज्ज्वलाचा जीव घाबरा झाला. औषध पाजलं. खुरासणीचा एक पट्टा उरला होता, आज कापला नाही तर सगळं बी झडून जाणार होतं. धोंडीबाई पुढं आली आणि काही न विचारता तिनं पोर तिच्या हातातून घेतलं.

"एक पट्टा हाय ना? जा. कापून ये."

उज्ज्वलाच्या मनात आलं, सळई तर आपल्याकडं आहे. कणगीच्या तळाशी. सळईशिवाय म्हातारा काय करणार? अर्ध्या घटकेचं काम. तिनं मनाची समजूत घातली आणि पळतच रानात गेली.

पट्टा अर्धा झाला असेल. सहज मान वर केली, तर गोठ्यावरून धूर निघत होता. पडवीतून निघाला असता तर ती शेकोटी होती. गोठ्यात जाळ कशाला? आणि त्याच वेळी सौरभचं रडणं ऐकू आलं. हट्टानं नव्हे, गळा काढून.

विळा कुठं पडला ते तिला कळलं नाही. उतारावरून ती कशी आली, तेही नाही. पायात काटा मोडला तो संध्याकाळी काढला. गोठ्याच्या दारात आली तेव्हा आत पुंजा निखाऱ्यांसमोर बसलेला, आणि त्याच्या हातात छत्रीची जुनी दांडी, टोकाला लालबुंद. त्याच्यापुढं धोंडीबाई, दाराकडं पाठ करून, गुडघ्यांत काहीतरी घट्ट आवळून धरलेली.

बैलाच्या पाण्याची बादली दारातच होती. उज्ज्वलानं ती उचलली आणि सगळीच्या सगळी निखाऱ्यांवर ओतली. राख, वाफ, धूर यांनी गोठा भरून गेला.

"सोडा माझ्या पोराला! पोरं जाळणारा तू मेल्या, बैलं कमी पडली म्हणून माझ्या लेकराला धरलंस? आणि तुम्ही, आई? सख्खी आजी ना तुम्ही? कसाई बरा तुमच्यापेक्षा!"

आवाज ऐकून फागी धावत आली, तिच्यामागं आणखी दोघी. वाफ खाली बसली. सौरभ कोपऱ्यात पेंढ्यावर बसून रडत होता, अंगावर सदरा, स्वेटर, टोपी सगळं नीट. त्याच्याशेजारी स्वरा उभी होती, हातात लाकडाचं एक छोटं चाक घट्ट धरून. त्याच चाकासाठी तो रडत होता.

"आई," स्वरा रडवेली होऊन म्हणाली, "तू गाडा भिजवलास."

धोंडीबाईच्या गुडघ्यांत बांबू होता. दोन बांबूंची चौकट, धरायला आडवा दांडा, खाली चाकांसाठी आस. पोर उभं राहून ढकलत ढकलत चालायला शिकतं तो पांगुळगाडा. बांबूला खिळा मारला की तो चिरफळतो, म्हणून भोकं सळई तापवूनच पाडायची. सगळी भोकं झाली होती. एक राहिलं होतं.

मग पुंजानं विझलेली दांडी खाली ठेवली आणि उठून धोतरावरची राख झटकली.

"मी पोरांना डाग द्यायचो. खरं हाय ते," तो म्हणाला. "हिच्या थोरल्यालाही मीच दिला. उमेशच्या आधीचा. चार दिवसांत गेला तो. मग उमेशची छाती भरली तेव्हा मी सळई घेऊन आलो, तर हिनं ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि नदीत टाकली. हिचा हात भाजला. तिथनं पुढं मी कुणाच्या पोराला सळई लावली नाय. तुझ्या नवऱ्याच्या पोटावर डाग हाय का? नाय ना? मग ते का नाय, हे विचारलंस कधी?"

तो बायकांच्या मधून वाट काढत निघून गेला. त्याची काठी गोठ्यातच राहिली.

उज्ज्वलाला तोंड उचलून बघवेना. "मग मला सांगितलं का नाही, आई?" ती कशीबशी म्हणाली. "लपवून कशाला?"

"थोरल्याचा गाडा मी आधीच करून पडवीत ठेवला होता," धोंडीबाई म्हणाली. "साऱ्यांनी बघितला. त्याचं पाऊल काय पडलं नाय त्यात. म्हणून म्हटलं, आता बोलायचं नाय, दाखवायचं नाय. पोर उभं राहीपर्यंत कुणाला म्हणून कळू द्यायचं नाय."

बोलता बोलता तिनं सौरभला जवळ घेतलं होतं. एकदम ती थांबली. स्वेटर वर केला. पोराच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडत होता.

"वढतोय हा," ती म्हणाली. "फागे, रघ्याला सांग जीप काढ म्हणावं." मग सुनेकडं न बघता पुढं म्हणाली, "माझ्या मांडीवर नको म्हणून दवात घातलंस गं याला."

ते वाक्य उज्ज्वलाच्या काळजात रुतलं, ते जव्हार येईपर्यंत तसंच राहिलं. "चला ना आई," ती जीपमध्ये बसताना म्हणाली होती. धोंडीबाईनं मान हलवली. "तू जा. मी पोरीजवळ राहते." तेवढ्यातही तिनं कानटोपरं आणून पोराच्या डोक्यावर बसवलं.

दवाखान्यात पोराच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला, सुई दिली. उमेश मोखाड्याहून थेट तिथं आला. तरुण डॉक्टरांनी सौरभचा सदरा वर करून पोट नीट बघितलं, पाठ बघितली.

"डाग वगैरे दिलेला नाही ना? विचारावं लागतं. घरातली जुनी माणसं ऐकत नाहीत."

"आमच्यात नाही देत," उज्ज्वला म्हणाली.

"मग एवढं वाढलं कसं? थंडीत बाहेर होता का?"

उमेशनं तिच्याकडं पाहिलं. "हो," ती म्हणाली. "मी नेलं होतं. सासूबाई नको म्हणत होत्या." आणि तिला रडू फुटलं.

पोर बरं झालं. छाती मोकळी झाली, खायला लागलं, आणि ती दोघं त्याला घेऊन घरी आली. शेकोटी तशीच होती, धोंडीबाई तशीच बसली होती. "बेस झाला?" तिनं विचारलं. बेस झाला, म्हटल्यावर तिनं चुलीवर पाणी ठेवलं. पोराला घ्यायला मात्र तिनं हात पुढं केले नाहीत. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. उज्ज्वला दारात उभी होती तेवढ्या वेळात तिनं तीनदा तरी चुलीतलं लाकूड सारखं केलं.

उमेश कामावर गेला त्या दिवशी उज्ज्वला पुंजाची काठी घेऊन वरच्या पाड्यावर गेली. पुंजा अंगणात बांबू तासत होता.

"बाबा, मी चुकले. चला ना. एक भोक राहिलंय."

"काठी ठेव तिथं," पुंजा म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "तू साऱ्या पाड्यासमोर बोललीस. आता तुझ्या घरात मी सळई तापवायची नाय. उद्या पोराला नुसता ताप आला तरी माझंच नाव होईल."

"मग भोक कोण पाडणार?"

"माझी सळई तुझ्याकडंच हाय ना? तूच पाड."

म्हणजे त्याला कळलं होतं. धोंडीबाईलाही कळलं असणार. नागली काढायला ती रोज त्याच कणगीत हात घालत होती, आणि तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

घरी येऊन उज्ज्वलानं कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि सळई काढली. दाणे झटकले. गाडा गोठ्यातून आणून पडवीत ठेवला आणि सळईचं टोक शेकोटीत सरकवलं. धोंडीबाई पलीकडं सूप घेऊन नागली पाखडत होती. तिचं सूप थांबलं. सौरभ रांगत रांगत जाळाकडं निघाला होता.

उज्ज्वलानं त्याला उचललं आणि सासूसमोर नेलं. "आई, याला धरा."

धोंडीबाईनं सूप खाली ठेवलं नाही. "मी? सळई इथं तापतेय, तरी?"

"तुम्हीच धरा."

उज्ज्वलानं तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि पोर तिच्या मांडीवर बसवलं. मग ती वळली, फडक्यानं सळई धरून बाहेर काढली आणि खूण केलेल्या जागी टेकवली. बांबू चरचरला, गोडसर वासाचा धूर निघाला. सळई सरकली, भोक वाकडं व्हायला लागलं.

"दाबू नको," मागून धोंडीबाई म्हणाली. "फिरव. फिरव हलक्या हातानं. बांबू आपणच वाट देतो."

उज्ज्वला फिरवत राहिली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिनं मान वळवली, तेव्हा तिला दिसलं. पोर मांडीवर होतं, स्वराच्या हातातल्या चाकाकडं बघून हसत होतं. आणि धोंडीबाईनं भाजल्याची खूण असलेला आपला हात त्याच्या स्वेटरच्या आत घालून त्याच्या पोटावर पालथा धरून ठेवला होता. भोक आरपार होऊन उज्ज्वलानं सळई पाण्यात विझवली, मगच म्हातारीनं तो हात काढला.